मागची बैठक

मोटारीच्या पुढच्या दोन जागांना काही ना काही काम असते. एका जागेवरचा माणूस गाडी चालवतो आणि दुसऱ्या जागेवरचा ती कशी चालवावी हे सांगतो. मागे बसणाऱ्याला मात्र कसलीच जबाबदारी नसते. म्हणूनच आपण घरातली वडीलधारी माणसे, पाहुणे आणि डुलक्या घेणारी मुले यांना मागे बसवतो. मोठ्या गाड्यांतून हिंडणाऱ्यांना हे कदाचित जाणवणार नाही. पण लहान गाडीतली मागची बैठक म्हणजे घरातले माजघर असते. तिथे किती माणसे मावतात हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेले असते; किती बसवायची हे घरचा लोभ ठरवतो.

आमची गाडी मारुती ८००. २००६ साली घेतलेली, पांढऱ्या रंगाची. लांबीला अकरा फुटांना थोडी कमी, रुंदीला पावणेपाच फूट, तीन सिलिंडरांचे ७९६ सी.सी.चे एंजिन. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादनच थांबले. त्यामुळे आमची गाडी आता आपल्या कुळातल्या मोजक्या उरलेल्या म्हाताऱ्यांत जमा आहे. पंधरा वर्षे भरली तेव्हा तपासणी होऊन तिची नोंदणी पुढे वाढवून मिळाली. तिच्या मागच्या बैठकीवर माझ्या मुलीने दहावीच्या परीक्षेची शेवटची उजळणी केली. सासूबाईंना दवाखान्यात नेले ते तिच्यावरच निजवून. उन्हाळ्यात तिच्यावर आंब्याच्या पेट्या आल्या, सुगीत ज्वारीची पोती आली. आणि गेली अकरा वर्षे, म्हणजे वन्सं आमच्याकडे कायमच्या राहायला आल्यापासून, डाव्या खिडकीची जागा त्यांची.

हीच बैठक मी गेल्या वर्षी काढून घेतली आणि तिच्या जागी गालिचा चढवलेल्या लाकडी फळ्या बसवल्या. आल्यागेल्याने विचारले की मी थोडक्यात सांगते, ‘तंबोऱ्यांसाठी.’ विचारणारा हसतो आणि विषय बदलतो. थोडक्यात सांगितलेले उत्तर पुष्कळदा खरे असूनही अपुरे असते, म्हणून ते इथे विस्ताराने सांगते.

मी गाणे शिकवते. सांगलीतल्या घरी शिकवतेच. शिवाय आठवड्यातून दोन दिवस आसपासच्या गावी जाते. कुठे शाळेच्या एखाद्या खोलीत, कुठे देवळाच्या ओवरीत सात-आठ मुले जमतात. आमच्याकडे तंबोऱ्यांची एक जोडी आहे, सासऱ्यांनी १९५७ साली मिरजेत करून घेतलेली. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या वाद्यांची कीर्ती मी नव्याने सांगायला नको. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळली आणि त्यांच्या पिढ्यांनी ते काम आजवर चालवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. ते कडू असतात, खाण्याच्या उपयोगाचे नाहीत. वेलावर आणि मग उन्हात वाळत राहणे एवढेच त्यांचे आयुष्य. त्यातला एखादा चांगला सुकला, चांगला घुमला, म्हणजे त्याच्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी चढते.

आमच्या जोडीतला प्रत्येक तंबोरा पाच फूट उंच आहे आणि भोपळ्याचा घेर चव्वेचाळीस इंच. अशा वाद्याला मारुती ८०० मध्ये न्यायचे कसे? इतकी वर्षे मी एकच तंबोरा न्यायची, तोही मागच्या बैठकीवर आडवा निजवून. बैठक असते माणसाच्या पाठीसाठी. ती मागे उतरती असते, मऊ असते, दोन्ही बाजूंना उचललेली असते. भोपळा तिच्यावर ठरत नाही. प्रत्येक खड्ड्याला तो कुशीवर वळतो, आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर वळण्याची हौस त्याला पुरेपूर फेडता येते. एका वर्षात दोनदा घोडी सरकली आणि एकदा भोपळ्याला केसाएवढी चीर गेली. मिरजेच्या कारागिराने ती बुजवून दिली आणि वाद्य परत देताना म्हणाला, “बाई, माणसाच्या जागेवर वाद्य निजवू नका. त्याला त्याची जागा करून द्या.”

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की तंबोरा न्यायलाच कशाला हवा? इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघून चाळीस वर्षे उलटून गेली. आता तर तो फोनमध्येच असतो. बोट लावले की पांढरी चार म्हणा, काळी पाच म्हणा, हवा तो सूर तासन्‌तास चालू राहतो. त्याला चीर जात नाही, पावसाळ्यात तो उतरत नाही. मीसुद्धा तो वापरते. प्रवासात, स्वयंपाक करताना, पहाटे घरातली माणसे झोपलेली असताना त्याच्यासारखी सोय नाही. पण गावोगावच्या मुलांना शिकवताना मला एक गोष्ट दिसून आली. फोनमधल्या तंबोऱ्याबरोबर ती नीट गात. पण सूर कुठून येतो याची त्यांना चौकशीच नसे. नळाला पाणी यावे तसा त्यांना षड्ज येत असे.

खरा तंबोरा समोर आला म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटे गाणे सुरूच होत नाही. आधी पंचम, मग जोडीच्या दोन तारा, शेवटी खर्ज. खुंटी पिळायची ती केवढी, मणी सरकवायचा तो किती, हे सांगता येत नाही, ऐकावे लागते. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये दोरा घालून तो केसभर पुढेमागे करायचा. बराच वेळ तार नुसतीच वाजते आणि एका जागी ती एकदम बोलू लागते. त्याला आपण जवारी लागली म्हणतो. आमच्या घरी हे पदार्थविज्ञान शिकवत असत. त्यांनी मला लग्नानंतर लवकरच सांगितले होते, की रामन यांनी १९२१ साली या घोडीवर लिहिले आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो, ते उपस्वर एरवीच्या नियमाप्रमाणे उमटता कामा नयेत. तंबोऱ्यात ते उमटतात, आणि त्याचे कारण घोडीचा तो वक्र माथा आणि तो दोरा. नव्या नवरीला सांगायला ही काही फार गोड गोष्ट नव्हती, पण मला ती आवडली. खर्जाची तार चांगली लागली म्हणजे कोणी न छेडलेला गंधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. एखाद्या मुलाला तो पहिल्यांदा ऐकू आला की त्याचा चेहरा बदलतो. तो चेहरा पाहण्यासाठी मी पाच फुटांचे लाकूड घेऊन खड्ड्यांतून जाते, असे म्हणा ना.

आणि तंबोरे दोन लागतात. एक शिकवणाऱ्याजवळ, एक मुलांच्या हाती. एकच असला तर तो बाईंचा होतो आणि मुले त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे पाहावे तशी पाहत राहतात. म्हणून दोन्ही न्यायचे ठरले. ठरल्यावर प्रश्न फक्त जागेचा उरला.

ह्यांनी कागदावर गणित मांडले. गाडीत पुढे दोघे. मागची बैठक काढली तर मागे कोणी नाही. घरात माणसे तीन. म्हणजे दर खेपेला एकाने घरी राहायचे. हे गणित इतके सोपे होते की त्यावर कोणी काही बोलले नाही. वन्सं देवघरात वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी वातींचा डबा मिटवला आणि त्या आत गेल्या.

मागची बैठक ही गाडीची मूळ आणि अटळ गोष्ट आहे अशी माझी समजूत होती. ती ह्यांनी दूर केली. लहान मोटारींचा इतिहास पाहिला तर मागच्या बैठकीवरून माणसांची आणि सामानाची तक्रार पहिल्यापासून चालू आहे. १९५७ साली इटलीत फियाटने नवी ‘५००’ काढली तेव्हा ती दोघांचीच गाडी होती. मागे सामान टाकायला नुसते पाट होते. खप मनासारखा होईना, तेव्हा त्याच वर्षी मागे माणसांना बसण्याची सोय झाली. फ्रान्समध्ये १९४८ साली लोकांपुढे आलेली सित्रोएनची ‘टू सी.व्ही.’ शेतकऱ्यासाठी कल्पिलेली. तिची मागची बैठक उचलून बाहेर काढता येई. मग तिच्या जागी बटाट्याची पोती जात, आणि सहलीला गेलेली मंडळी तीच बैठक गवतावर मांडून जेवायला बसत. सगळ्यात गमतीची गोष्ट आमच्याच गाडीच्या घराण्यातली. १९७९ साली जपानमध्ये सुझुकीने पहिली ‘आल्टो’ काढली ती मालवाहू गाडी म्हणून. कारण प्रवासी गाडीवर वस्तुकर होता आणि मालवाहूवर नव्हता. मालवाहू ठरायचे तर मालाला माणसांपेक्षा जास्त जागा हवी, म्हणून मागची बैठक अगदी आखूड ठेवली. किंमत पडली चार लाख सत्तर हजार येन, आणि गाडी धो धो खपली. १९८३ मध्ये भारतात आलेली मारुती ८०० याच कुळातली. म्हणजे तिच्या घराण्यात मागच्या बैठकीचे स्थान कधीच फारसे पक्के नव्हते. “तिच्या माहेरचीच रीत आहे ही,” हे म्हणाले.

कायद्याचाही विचार करावा लागला. मोटार वाहन अधिनियम १९८८, त्याचे ५२वे कलम. नोंदणीपुस्तकात गाडीचे जे वर्णन आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितले. हे मास्तर असल्यामुळे नियम वाचण्याची त्यांना भारी आवड. त्यांनी दोन अटी घातल्या. गाडीच्या पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही की कुठे झाळायचे नाही. आणि निघालेली बैठक तासाभराच्या आत होती तशी परत बसली पाहिजे. फळ्या हे सामान. गाडीचा अवयव तो बैठकच. मला या अटी पटल्या, पण त्यांतली दुसरी कायद्यासाठी घातलेली होती की आपल्या बहिणीसाठी, हे मी त्यांना विचारले नाही.

काम आमच्या आळीतल्या मिस्त्रींनी केले. त्यांनी आमचे देवघर केलेले, दारे-खिडक्या केलेल्या. मोटारीला मात्र हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी आणि ह्यांनी मिळून बैठकीचे बोल्ट काढले, गादी आणि पाठ बाहेर ओढली आणि आत डोकावून मिस्त्री म्हणाले, “बाई, घराला कोपरे असतात. ह्याला नुसती वळणंच आहेत.” बोलणे खरे होते. बैठकीखाली जमीन सपाट असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिथे पत्र्याची एक पायरी असते, मागे दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे असतात, दाराजवळ पत्रा आत वळलेला असतो, आणि कुठलीही एक बाजू दुसरीसारखी नसते. पानपट्टीच्या दुकानातून मागून आणलेले पुठ्ठे कापून मिस्त्रींनी आधी साचा केला. दोन दिवस ते पुठ्ठेच कातरत होते. पुठ्ठा आत घालायचा, जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, बाहेर काढून कापायचा, पुन्हा घालायचा. माझ्याकडे खुंटी पिळण्याचा जसा उद्योग, तसाच हा. त्यांची घाई नसलेली बोटे पाहून मला बरे वाटले.

साचा जमल्यावर बारा मिलिमीटरचा पाणी न धरणारा प्लाय आणला. मुख्य फळी दोन तुकड्यांत करावी लागली, कारण अखंड फळी दारातून आत जाईना. दोन्ही तुकड्यांच्या कडा एकमेकींवर बसतील अशी खाच ठेवली. चाकांच्या उंचवट्यांना गालांसारख्या दोन वळत्या बाजू, आणि पुढच्या जागांच्या पाठीमागे एक आडवी उभी फळी. ही सगळ्यात महत्त्वाची. गाडीला अचानक ब्रेक लागला की मागचे मोकळे सामान गाडीच्याच वेगाने पुढे निघते, आणि पुढे बसलेली असतात माणसे. त्या फळीच्या मध्यभागी दांड्या बाहेर याव्यात एवढीच एक खाच. मागे भोपळ्यांसाठी दोन गोल खळगे, तळाला फोम, भोवती जाड कडे. मिस्त्री त्यांना ‘चुंबळ’ म्हणू लागले आणि तेच नाव पडले. घागरीला जी लागते तीच भोपळ्याला. वरून रुंद पट्टे, आणि हे सगळे बैठकीच्या मूळ बोल्टांच्या भोकांतच, मोठे वायसर घालून आवळलेले.

गालिचा चढवण्याचे काम सीटकव्हरवाल्याने केले. मी दुकानातून घरच्या जाजमासारखा विणलेला गालिचा पसंत केला होता. तो त्याने हातात घेऊन परत केला. विणलेला गालिचा वळणावर बसत नाही, सुरकुत्या धरतो आणि कापलेल्या कडेला उसवतो. गाडीत लागतो तो धागे सुयांनी ठोकून केलेला, नमद्यासारखा. त्याला उलटी-सुलटी वीण नसते, त्यामुळे तो ओढला की सगळीकडे सारखा ताणतो आणि गरम हवा दिली की खळग्यात मुकाट्याने उतरतो. रबरी सोल्यूशन फळीला लावायचे, गालिच्यालाही लावायचे, आणि दोन्ही बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे. ओले असताना चिकटवणारा फसतो. मग मधून कडांकडे हाताने दाबत जायचे, कोपऱ्याला कातरीने पाचर काढायची, कड खाली दुमडून पिना मारायच्या. रंग मी राखी घेतला. सोल्यूशनच्या वासाने दोन दिवस गाडी सावलीत दारे उघडी टाकून ठेवावी लागली, आणि आळीतल्या मांजराने तेवढ्यात तिथे मुक्काम केला. चुंबळीची परीक्षा त्याने पहिल्यांदा केली असे म्हणायला हरकत नाही.

फळ्या बसण्यापूर्वी एकदा मी मोकळी गाडी पेठेपर्यंत चालवून पाहिली होती. मागची बैठक किती आवाज पिते ते तेव्हा कळले. गाडीचा ढोल झाला होता. प्रत्येक खडा पत्र्यावर टिपरीसारखा वाजत होता. फळ्यांखाली जाड नमदा आणि वर गालिचा आल्यावर मात्र ती पूर्वीपेक्षाही मुकी झाली. आता रस्ता खराब लागला तर मागून गवसणीतल्या तारांचा अगदी बारीक झणकार येतो. बैठकीवर निजवलेल्या तंबोऱ्याचा तो कधी ऐकू आला नव्हता.

या साऱ्या दिवसांत वन्सं कामावर एक शब्द बोलल्या नाहीत. मिस्त्रींना चहा त्याच नेऊन देत. पण गाडीकडे पाहत नसत. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे, गुडघे धरलेले. बाहेर पडणे म्हणजे आमच्या गाडीतून पडणे. माझ्याबरोबर गावोगाव येण्याची त्यांना आवड होती. मुले गात असताना त्या मागे भिंतीला टेकून बसत आणि कोणी बेसूर झाले की नुसती नजर उचलत. त्या नजरेला मुले माझ्या बोलण्यापेक्षा जास्त भीत. हे सगळे मला दिसत होते. तंबोरे हवेत हेही दिसत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या म्हणजे त्यांतली एक खोटी ठरवून मोकळे होता येत नाही.

काढलेली बैठक माळ्यावर टाकायची असे ह्यांच्या मनात होते. मिस्त्रींनी उरलेल्या लाकडाचा तिला घोडा करून दिला आणि ती ओसरीवर मांडली. संध्याकाळी मी तंबोरे पुसत तिथे बसले असताना वन्सं आल्या आणि थोडा वेळ उभ्या राहून आपल्या नेहमीच्या, डाव्या बाजूला बसल्या. त्यांनी हात पुढे करून अलीकडचा तंबोरा जवळ ओढला.

जोडीतला तो तंबोरा मुळात त्यांचाच. सासऱ्यांनी जोडी करून घेतली ती लेकीला गाणे शिकवायला. त्या पाच वर्षे शिकल्या. १९६२ साली लग्न झाले आणि शिकणे संपले, एवढे मला ठाऊक होते. त्या काळी पुष्कळ मुलींचे असेच संपे. पण त्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते मी, चाळीस वर्षे या घरात असून, ऐकले नव्हते.

“पाठवणीच्या दिवशी नाना तंबोरा घेऊन दारापर्यंत आले होते,” त्या म्हणाल्या. “टांग्यात आधी ट्रंक चढली. मग भांड्यांचं पोतं. मग रुखवताच्या परड्या. टांगेवाला म्हणाला, एवढं लांब लाकूड कुठं ठेवू? सासरची मंडळी म्हणाली, राहू दे, मागाहून पाठवा. नाना बरं म्हणाले. मागाहून कोण पाठवतंय?”

मी काय बोलणार? त्यांनी तारेवरून बोट फिरवले. तार उतरलेली होती. त्यांनी खुंटी धरली, हात थरथरला, तशी ती माझ्याकडे दिली आणि सांगितले, “चढव. अजून. बास.” मग म्हणाल्या, “त्याला जागा केलीस ते बरं केलंस. मी बसेन इथं.”

वाचकांनी यावरून वन्संनी मोठा त्याग केला असे समजू नये. आठच दिवसांनी त्यांनी नवा हिशेब काढला. पुढे दोघे जाऊ शकतात. त्यांतली एक मी, कारण गाडी मी चालवते. दुसरी जागा दरवेळी ह्यांचीच का? तेव्हापासून पाळ्या लागल्या. पहिली पाळी वन्संनी घेतली. त्यांच्या खांद्याशी दोन दांड्यांची टोके आणि आठ खुंट्या डोकावत होत्या. तासगावच्या अलीकडे एक मोठा खड्डा लागला तेव्हा गाडी उडाली, आम्ही दोघी उडालो, आणि वन्सं सर्वांत आधी मागे वळून म्हणाल्या, “नाही हलला.” त्या दिवशी शाळेतल्या वर्गात तंबोरा लावल्यावर मी तो मुलांच्या हाती दिला, तर एक लहान मुलगी तो सरळ वन्संकडे घेऊन गेली. तिला बिचारीला ही वाटणी ठाऊक नव्हती. म्हाताऱ्या बाई रिकाम्या बसल्या आहेत एवढेच तिने पाहिले. वन्संनी तो उभा धरला. गुडघ्यांमुळे त्यांना मांडी घालता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसूनच. चार तारांचा तो साधा फेरा, प, सा, सा, सा, त्यांनी तासभर एकदाही लय न सोडता चालवला. घरी ह्यांनी पिठले-भात करून ठेवला होता.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरची हकीगत मिरजेकडच्या माणसांना तोंडपाठ असते. ऑक्टोबर १९३७. मद्रासेहून पुदुच्चेरीला रेल्वेने जात असता त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि तिथेच देह ठेवला. ही कथा सांगणारे तिच्यातल्या मृत्यूकडे पाहतात. गाडीत फळ्या बसवल्यापासून मला तिच्यातले सामान दिसू लागले आहे. त्या रात्री फलाटावर तंबोरा लावता आला, कारण तो गाडीत होता. गर्दीच्या, धुराच्या, हेलकाव्यांच्या त्या डब्यात कोणीतरी त्याच्यासाठी जागा धरली होती; माणसे थोडी सरकली असतील, एखादी वळकटी खाली गेली असेल. वाद्याची जागा कुठल्याच गाडीत आयती नसते. ती कोणाच्या तरी जागेतून काढावी लागते, आणि ज्याच्या जागेतून काढली त्याला विचारल्याशिवाय काढली तर वाद्य आपल्याबरोबर येते, पण त्याचा सूर लागत नाही.

दिवाळीला मुलगी आणि जावई येणार आहेत, बरोबर नातू. चार दिवस गाडीला तिची बैठक परत मिळेल. बोल्ट तेलाच्या वाटीत घालून ठेवले आहेत. फळ्या ओसरीवर भिंतीला लागतील, तंबोरे खुंटीवर जातील, आणि डाव्या खिडकीशी वन्सं बसतील, मांडीवर पणतूसारखा तो नातू घेऊन. मुलीने फोनवर म्हटलेसुद्धा, की आता ती बैठक गाडीतच राहू दे, आत्याबाईंचे हाल होतात. मी फोन वन्संच्या हाती दिला. त्या म्हणाल्या, “भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी काढायची आहे. त्या शनिवारी माझी पाळी आहे.”